कुटुंब, श्रद्धा आणि वाचक : ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनीयतेचा पुनर्विचार

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत या ग्रंथाचा वाचकवर्ग आटलेला नाही. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तो वेळोवेळी नेमला गेला, त्याच्या संक्षिप्त तशाच संपूर्ण आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजीत त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली. ही लोकप्रियता वाटते तितकी स्वाभाविक नाही. एका कुटुंबाचा संसार आणि त्या संसारात घडलेले धर्मांतर हा या ग्रंथाचा विषय आहे. ज्या समाजाने धर्मांतरित माणसाशी रोटीबेटीचा व्यवहार तोडला, त्याच समाजातील वाचकांनी हे पुस्तक आपले मानले. श्रद्धाळू वाचकाला ते भावले आणि कोणत्याच धर्मावर विश्वास नसलेल्या वाचकालाही ते खाली ठेववले नाही. असे का व्हावे, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाला मराठी समीक्षेने दिलेले नेहमीचे उत्तर लेखनाच्या सहजतेकडे बोट दाखवते. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, त्यांच्या लिहिण्यात नटवेपणा नाही, त्यांचा विनोद निर्विष आहे, असे आपण वर्गात सांगत आलो आहोत. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. घरगुती बोलीत आठवणी सांगणारी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात, तरीही त्यातील फार थोड्या आठवणी परक्या वाचकाला धरून ठेवतात. शिवाय सहजतेवर एवढा भर दिला की लेखिकेच्या विचारशक्तीचे श्रेय तिच्या भाबडेपणाकडे जाते. ग्रंथातील श्रद्धेचा धागा मग पार्श्वभूमीत ढकलला जातो आणि उरतो तो एका विक्षिप्त कवीच्या सोशिक पत्नीचा गमतीदार संसार.

प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका मांडली आहे. कुटुंब आणि श्रद्धा या विषयावरील आत्मपर लेखन वाचकाला गुंतवते, ते लेखक कोणत्या श्रद्धेपर्यंत पोहोचला यामुळे नाही. एका माणसाच्या श्रद्धेची घरातील दुसऱ्या माणसाला किती आणि कशी किंमत मोजावी लागली, याचा चोख हिशेब ते मांडते तेव्हा वाचक त्यात गुंततो. ‘स्मृतिचित्रे’ हा हिशेब कसा मांडते हे पाहणे आणि अशा मांडणीच्या मर्यादा कोणत्या याचा शोध घेणे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

साक्ष आणि स्मृती

मराठीत श्रद्धेविषयीच्या आत्मपर लेखनाचे दोन ठळक प्रकार दिसतात. सोयीसाठी त्यांना ‘साक्ष’ आणि ‘स्मृती’ असे म्हणता येईल. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातले. अंधारातून प्रकाशाकडे हा त्याचा प्रवास नावातच सूचित होतो. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या श्रद्धेची जी हकीकत सांगितली, तीही साक्ष याच स्वरूपाची आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर खऱ्या अर्थाने आपल्याला काय गवसले, हे त्यांना त्यातून सांगावयाचे होते. साक्ष देणाऱ्याला निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. मागील आयुष्यातील प्रत्येक प्रसंग त्या निष्कर्षाकडे नेणारी पायरी म्हणून निवडला जातो. आई, वडील, भाऊ, सासर ही माणसे येतात, पण ती बहुधा अडथळा म्हणून किंवा साहाय्यक म्हणून येतात.

साक्षेचे स्वतःचे मोल आहे. तिच्यात वैचारिक धैर्य असते, सामाजिक इतिहासाची सामग्री असते आणि समानधर्मी वाचकाला ती बळ देते. परंतु त्या श्रद्धेच्या बाहेर उभ्या असलेल्या वाचकाला तिच्यात शिरण्यास वाट सापडत नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय राहतात : मान्य करणे किंवा अमान्य करणे. साहित्यकृतीशी वाचकाचे जे नाते जडते, ते या दोन पर्यायांत मावत नाही.

स्मृतीचा प्रकार निराळा आहे. त्याचे मूळ आपल्या परंपरेत बरेच मागे शोधता येते. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत जे सांगितले, ते केवळ गुरुकृपेचे वर्णन नाही. ब्राह्मण कुटुंबातील ही विवाहित स्त्री शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानते, पतीला ते सहन होत नाही, तो मारहाण करतो, घर सोडून जाण्याचा विचार करतो आणि पुढे आजारपणानंतर त्याचे मन पालटते. भक्तीची ओढ आणि पातिव्रत्याचा संस्कार या दोहोंमध्ये बहिणाबाईंची झालेली कोंडी त्या अभंगांतून जाणवते. विठ्ठलावर श्रद्धा नसलेल्या वाचकालाही ती कोंडी कळते, कारण ती एका घरात घडते आणि घर प्रत्येकाने पाहिलेले असते. ‘स्मृतिचित्रे’ याच वाटेवरचे आहे, असे माझे मत आहे.

श्रद्धा एकाची, निवेदन दुसऱ्याचे

‘स्मृतिचित्रे’च्या वाचनीयतेचे पहिले कारण त्याच्या निवेदनाच्या जागेत आहे. धर्मांतराची मुख्य घटना नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातील आहे. ती कथन करणारी व्यक्ती मात्र त्या निर्णयात सहभागी नव्हती. आपल्या नागपूरचा या घटनाक्रमाशी निकटचा संबंध आहे. टिळकांनी काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले. नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ च्या सुमारास आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले असते तर आगगाडीतील ही भेट त्याचा मध्यबिंदू ठरली असती. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मध्यबिंदू वेगळा आहे. १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ज्या पुरुषाशी विवाह झाला, तो पुरुष एके दिवशी आपल्या जगातून उठून दुसऱ्या जगात गेला आणि आपण सवाष्ण असूनही नवऱ्यावाचून माहेरच्या माणसांच्या आश्रयाला राहिलो, ही त्यांची वस्तुस्थिती होती. पुढील सुमारे साडेचार वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यातील बराच काळ पंढरपुरात बहिणीच्या घरी गेला. एकाच्या मनाला शांती लाभली त्याच क्षणी दुसऱ्याच्या आयुष्यातील शांती नाहीशी झाली. हे दोन्ही खरे आहे आणि ग्रंथ दोन्ही खरे मानतो. वाचक कोणत्याही धर्माचा असो, त्याला या दुसऱ्या बाजूने कथेत प्रवेश करता येतो.

येथे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० मधील ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही पती सार्वजनिक जीवनातील मोठा पुरुष आहे, त्याची मते घरातील सोवळ्या स्त्रियांना मानवत नाहीत आणि पत्नी दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी आहे. १८९० मधील पंचहौद मिशनमधील चहापान आणि पुढे न्यायमूर्तींनी घेतलेले प्रायश्चित्त या प्रकरणातही श्रद्धा, लोकनिंदा आणि कुटुंब यांची ओढाताण होतीच. पण रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या आदरार्थी शब्दाने करतात, तर लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात. हा फरक केवळ संबोधनाचा नाही. ‘स्वतः’ या शब्दाच्या भोवती प्रश्न विचारण्यास जागा राहत नाही, शेवटचा शब्द पतीचाच असतो. ‘टिळक’ या शब्दात आदर आहे, जिव्हाळा आहे आणि थोडे अंतरही आहे. त्या अंतरामुळे लक्ष्मीबाईंना पतीच्या थोरवीबरोबर त्याच्या थोरवीचा घराला झालेला जाचही दाखवता येतो. रमाबाईंच्या आठवणींचा दर्जा यामुळे उणावत नाही; मात्र त्या आठवणी वाचताना आपण आदराने ऐकतो, ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण बाजू बदलत राहतो.

सोवळे, पाणी आणि चूल

दुसरे कारण असे की या ग्रंथात श्रद्धा तत्त्वचर्चेच्या रूपाने फारशी येत नाही. ती घरातील वस्तूंच्या रूपाने येते. ग्रंथाचा आरंभ याची साक्ष देतो. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाहेरून घरात आलेला जिन्नस धुतल्याखेरीज चालेना आणि या सोवळ्याचा सारा भार घरातील बायकामुलांवर पडला. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, परंतु त्या हसण्याखाली एक गंभीर निरीक्षण आहे. एका पुरुषाच्या मनात भीतीने किंवा भक्तीने जे घर केले, त्याची धुणीभांडी दुसऱ्यांना करावी लागली.

वडिलांच्या घरून त्या पतीच्या घरी आल्या. तेथे सोवळ्याचे वेड नव्हते, दुसरे होते. टिळकांच्या मनाने एकदा एखादी गोष्ट घेतली की घरखर्च, प्रवासाची सोय, मुलांची आजारपणे यांचा त्यांना विसर पडे. हाती आलेला पैसा अडलेल्या माणसाच्या पदरात पडे किंवा आवडलेल्या वस्तूवर उडे. वडील आणि पती हे दोन पुरुष स्वभावाने परस्परविरुद्ध होते. एकाला स्पर्शाचे भय होते, दुसऱ्याला कोणताच स्पर्श वर्ज्य नव्हता. पण घरातील स्त्रीच्या जागेवरून पाहिले तर दोघांत एक साम्य होते : दोघांच्याही निष्ठेचा खर्च तिच्या वाट्याला आला. लक्ष्मीबाई हे साम्य कोठेही शब्दांत मांडत नाहीत. दोन चित्रे त्या शेजारी ठेवतात आणि तुलना वाचकावर सोपवतात. अशिक्षित सहजतेतून हे घडले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. प्रसंगांच्या निवडीत विचार आहे.

ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचे स्थित्यंतरही पाणी आणि अन्न यांच्या भोवतीच घडते. पतीकडे राहावयास आल्यावर लक्ष्मीबाईंनी आपला धर्म सोडला नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे, अशी त्यांची व्यवस्था होती. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही. एकाच संसारात दोन धर्म नांदत होते आणि त्यांची सीमारेषा स्वयंपाकघरातून जात होती. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहिला. जन्म, मरण, देह सगळ्यांचे सारखेच, मग हा भेद देवाचा असणार नाही, अशा साध्या तर्काने त्यांनी आपल्यापुरता त्याचा निकाल लावला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ख्रिस्ती धर्माची दीक्षा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतली.

या क्रमाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. टिळकांचे परिवर्तन ग्रंथवाचनातून, चर्चेतून आणि पत्रव्यवहारातून झाले. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन घागर आणि ताट यांच्याशी झालेल्या रोजच्या व्यवहारातून झाले. आधी जात गेली, धर्म नंतर आला. म्हणूनच त्यांना केवळ पतीच्या पाठोपाठ गेलेली पत्नी म्हणता येत नाही. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंकस्टर यांच्या इंग्रजी भाषांतराला ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागोमाग येते’, असे शीर्षक देण्यात आले. शांता गोखले यांच्या २०१७ मधील भाषांतराच्या उपशीर्षकात ‘तडफदार पत्नी’ या अर्थाचे शब्द आहेत. एका शीर्षकात अनुयायित्व आहे, दुसऱ्यात बाणेदारपणा आहे. पत्नीपण मात्र दोन्हींत केंद्रस्थानी आहे. श्रद्धेच्या प्रश्नावर स्वतःच्या बुद्धीने विचार करणारी स्त्री या दोन्ही शीर्षकांत मागे राहते.

श्रद्धा वस्तूंमधून सांगितली गेल्याने आणखी एक लाभ होतो. त्रैक्याचा सिद्धान्त किंवा तारणाची कल्पना समजून घेण्यासाठी वाचकाला वेगळी तयारी लागते. एका घरात दोन चुली पेटतात याचा अर्थ मात्र कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

विनोद आणि राखून ठेवलेला निवाडा

लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याचे कार्य काय, याची चर्चा तुलनेने कमी झाली. माझ्या मते या ग्रंथातील विनोद ही शोभा नाही, ती न्यायबुद्धी आहे. टिळकांच्या विसरभोळेपणावर, उधळेपणावर, क्षणात चढणाऱ्या आणि क्षणात उतरणाऱ्या रागावर लक्ष्मीबाई हसतात. पण तेवढ्याच मोकळेपणाने त्या स्वतःच्या हट्टावर, भित्रेपणावर आणि अज्ञानावरही हसतात. माप दोघांना एकच लावलेले असते. त्यामुळे त्यांची तक्रार रडगाणे होत नाही आणि त्यांची भक्ती स्तुतिपाठ होत नाही. जिला अन्यायाची जाणीव नाही तिचे हसणे आणि जिने अन्याय मोजून पाहिला तिचे हसणे, यांत अंतर असते. ‘स्मृतिचित्रे’तील हसणे दुसऱ्या प्रकारचे आहे.

या विनोदाचा दुसरा पैलू म्हणजे निवाडा राखून ठेवण्याची वृत्ती. टिळकांनी १८९५ मध्ये केले ते योग्य होते काय? लक्ष्मीबाई स्वतः पुढे त्याच श्रद्धेत स्थिरावल्या, तेव्हा त्यांनी मागे वळून सर्व काही योग्यच झाले असे म्हणणे सोपे होते. साक्षेचा लेखक तसेच करतो. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. विरहाच्या वर्षांतील दुःख त्या पुढील समाधानाच्या भरीला घालीत नाहीत. ते दुःख त्या वेळी जेवढे होते तेवढेच कागदावर राहते. माहेरच्या माणसांनाही त्या खलपुरुष ठरवीत नाहीत. ज्यांनी टिळकांचा धिक्कार केला त्यांनीच आपल्याला जेवू घातले, हे त्या विसरत नाहीत.

टिळकांच्या उत्तरायुष्यातही हाच नमुना दिसतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या चौकटीपलीकडे जाऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना तेथे स्थान असावे, ही कल्पना आपल्या धार्मिक इतिहासात लक्षणीय आहे. एवढे खरे असले तरी गृहस्थाने संन्यस्त वृत्ती पत्करली की घराचे काय, हा प्रश्न पुन्हा लक्ष्मीबाईंपुढे उभा राहिला. म्हणजे धर्मांतर एकदाच होते, पण श्रद्धेचे बिल घरात वारंवार येत राहते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबले होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या श्रद्धेने संसार एकदा मोडला होता, त्याच श्रद्धेचे अपुरे काव्य त्यांनी आपले म्हणून पुढे नेले. कोणत्याही समर्थनापेक्षा ही कृती अधिक बोलकी आहे आणि तरीही ‘स्मृतिचित्रे’त मागचा हिशेब मिटवला जात नाही.

एक आक्षेप आणि एक मौन

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. घरातील किंमत उघडपणे मांडणे हे सर्वांनाच शक्य असते काय? लक्ष्मीबाईंनी लिहिले तेव्हा टिळक हयात नव्हते. टिळकांचे चरित्र लिहिण्याच्या मुलाच्या, देवदत्त यांच्या, संकल्पातून या आठवणींना चालना मिळाली. लेखिका एका प्रतिष्ठित कवीची पत्नी होती आणि मुलाचा तिला पाठिंबा होता. ज्या स्त्रीला असे संरक्षण नाही, तिच्याकडून याच प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे म्हणजे अनुकूल परिस्थितीला वाङ्मयीन गुण समजणे होय.

हा आक्षेप समजून घेण्यासाठी बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आत्मकथनाकडे पाहावे लागेल. महार समाजातील स्त्रियांच्या श्रद्धांचे, नवसांचे, अंगात येण्याचे, थोरल्या मुलाला पोतराज म्हणून देवाला सोडण्याच्या चालीचे इतके परखड चित्रण मराठीत क्वचितच आढळते. देवाच्या नावावर घरातील दुबळ्या माणसांनी काय सोसले, याचा हिशेब येथे व्यक्तीपुरता न राहता एका समाजाचा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराने त्या जगण्याला आलेली कलाटणीही तेवढ्याच ताकदीने येते. मात्र लेखिकेचा स्वतःचा संसार या पुस्तकात जवळजवळ नाही. त्यांनी हे लेखन पतीपासून लपवून केले आणि संसारात मारहाण सोसली, ही गोष्ट २००८ मधील इंग्रजी भाषांतरासोबत प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीतून वाचकांना कळली.

या मौनाला दोष देणे योग्य होणार नाही. समाजाची नवी श्रद्धा उभी राहत असताना घरातील भांडण चव्हाट्यावर आणले तर त्याचा वापर विरोधक करतील, ही भीती निराधार नव्हती. तरीही समीक्षकाने त्या मौनाची नोंद घेतली पाहिजे. कुटुंब आणि श्रद्धा यांविषयीच्या लेखनात जे लिहिले गेले नाही तेही हिशेबाचाच भाग असते. पुढे उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) धर्मांतरानंतर बदललेले घर आणि शिकू व लिहू पाहणाऱ्या स्त्रीचा स्वतःच्या संसाराशी झालेला झगडा ही दोन्ही सूत्रे एकत्र आली. बेबी कांबळे यांनी जे बाहेर ठेवले ते येथे आत आले आणि तसे झाल्याने चळवळीवरील निष्ठा उणी झाली नाही.

आक्षेपाचे उत्तर यातूनच मिळते. घरातील किंमत सांगणे ही लेखकावर लादण्याची अट नव्हे. ती सांगता येणे हे त्या समाजातील मोकळेपणाचे माप आहे. लक्ष्मीबाईंना १९३० च्या दशकात ते सांगता आले, यात त्यांच्या धैर्याचा वाटा आहे तसाच परिस्थितीचाही आहे. दोन्ही वाटे मान्य केल्याने ग्रंथाची थोरवी कमी होत नाही. उलट सहजता या एकाच शब्दाने तिचे स्पष्टीकरण देण्यातील उणीव अधिक स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात. पहिली, श्रद्धेची कथा श्रद्धावानापेक्षा त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकताना तिच्यात परक्या वाचकाला अधिक जागा मिळते. दुसरी, सिद्धान्तापेक्षा पाणी, चूल, सोवळे अशा घरातील वस्तूंमधून ती सांगितली गेली की धर्माची सीमा ओलांडून ती समजते. तिसरी, पुढे लाभलेल्या समाधानाच्या आधारे मागील दुःखाची किंमत कमी न करणे, ही अशा लेखनातील खरी सचोटी होय. चौथी, हे सर्व साधणे केवळ लेखकाच्या प्रतिभेवर अवलंबून नसते. भोवतालचा समाज किती ऐकून घेण्यास तयार आहे, यावरही ते ठरते.

नागपुरातील अध्यापकांच्या दृष्टीने या निष्कर्षांना एक तातडीचे औचित्य आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाविषयीच्या साक्षी आपल्याकडे विपुल आहेत आणि त्यांचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. पण त्या दिवसानंतर घरी परतलेल्या माणसांच्या घरात काय घडले? कोनाड्यातील देव कोणी उचलले, कोणाला ते उचलवले नाहीत, सासू आणि सून यांत कोणाची बाजू टिकली, पहिल्या दिवाळीला चुलीवर काय शिजले? हे पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. त्यांची नातवंडे आपल्या वर्गात बसतात. आत्मपर लेखनाचा स्वाध्याय देताना आपण त्यांच्याकडून बहुधा अभिमानाची साक्ष मागतो आणि ती आपल्याला मिळतेही. तिच्या सोबतीला आजीची स्मृती मागितली, तर एका मोठ्या घटनेची घरातली बाजू कदाचित कागदावर येईल. ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासक्रमात ठेवण्याचे कारण केवळ ते सुंदर आहे एवढेच नसावे. घरात आलेल्या श्रद्धेविषयी आदर न सोडता खरे कसे लिहावे, याचा वस्तुपाठ त्यात आहे, म्हणून ते शिकवावे.